जाळ्याची खूण आणि धन्याचें नांव

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या व्याख्यानांत पूर्वजांचें स्मरण व्हावें, झालेल्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रूढि आहे. तें काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें आहे. आम्ही आज आपणांपुढें एक अगदीं साधी वस्तु ठेवणार आहों. ती वस्तु म्हणजे पाण्यावर तरंगणारा बोया. येथें बसलेल्या निम्म्या मंडळींच्या घरीं ती अंगणांत पडलेली असेल, आणि म्हणूनच तिच्याविषयीं कोणी फारसा विचार केला नसेल. परंतु ह्या बोयावर काय लिहावें, त्याला बावटे किती लावावे, त्याच्या दोराला रंग कोणता द्यावा, ह्या प्रश्नांवर राष्ट्रांनीं तह केले आहेत, न्यायालयांत वाद झाले आहेत, आणि त्या वादांत माणसांची भाकर व एका प्राण्याच्या जातीचें अस्तित्व अशा दोन्ही गोष्टी पणास लागल्या आहेत. तेव्हां ही साधी वस्तु घटकाभर नीट न्याहाळून पाहूं.

जमिनीवर दोन शेजाऱ्यांचा तंटा लागला तर बांध दाखवितां येतो, सातबाऱ्याचा उतारा काढतां येतो, गांवांतील चार वडीलधारे साक्षीस बोलावतां येतात. समुद्रावर बांध नाहीं. जाळें टाकून होडी बंदरास परतली कीं मागें नुसतें पाणी उरतें. हातांत धरून ओढावयाचें जाळें किंवा गळ असला तर धनी तेथेंच उभा असतो. त्याला खुणेची गरज नाहीं. परंतु तळाशीं नांगरलेलें जाळें, शेंकडों गळांची लांब दोरी, अथवा शेवंड व खेंकडे धरण्याचे पिंजरे हीं साधनें रात्र रात्र, कधीं कधीं दिवसचे दिवस, राखणीवांचून पाण्याखालीं राहतात. तीं कोठें आहेत, किती लांब पसरलीं आहेत आणि कोणाचीं आहेत, ह्या तिन्ही प्रश्नांचें उत्तर देण्यास पाण्यावर एकटा बोया असतो.

बोया वाचणारे तीन प्रकारचे असतात. पहिला त्याचा धनी, ज्याला आपली वस्तु परत सांपडावयास हवी. दुसरा परका तांडेल किंवा जहाजाचा कप्तान, ज्याला पुढें अडथळा आहे हें वेळींच कळावयास हवें, नाहीं तर एकाचें जाळें फाटतें आणि दुसऱ्याचा पंखा दोरांत गुंतून होडी निकामी होते. तिसरा वाचक म्हणजे समाज, मग तो किनाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या रूपानें येवो किंवा न्यायाधीशाच्या. त्याला, ह्या साधनापासून जें कांहीं बरेंवाईट घडलें त्याचा जबाबदार कोण, हें जाणून घ्यावयाचें असतें. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, बोयाचे नियम पहिल्या वाचकासाठीं जन्मास आले, दुसऱ्यासाठीं वाढले, आणि आतां तिसऱ्यासाठीं त्यांची खरी कसोटी लागली आहे. हक्काची खूण ही जबाबदारीची खूण होऊं लागली आहे. हें स्थित्यंतर कसें घडलें तें क्रमानें सांगतों.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपच्या उत्तर समुद्रावर मासेमारांची मोठी गर्दी झाली. कोणी पाण्यावर वाहतीं जाळीं सोडीत, तर कोणी तळ खरवडणारीं जाळीं ओढीत. ओढणारा वाहत्या जाळ्यांतून आरपार जाई आणि रात्रभराची मेहनत फाटून जाई. पुढें मजल येथवर गेली कीं, दुसऱ्याचीं जाळीं कापण्यासाठींच बनविलेलीं हत्यारें कांहीं नौका पाण्यांतून ओढीत नेऊं लागल्या. निरनिराळ्या राष्ट्रांच्या नौका, निरनिराळ्या भाषा, आणि गुन्हेगार अंधारांत नाहींसा झालेला, अशी स्थिति होती. अखेर ता. ६ मे १८८२ रोजीं हेग येथें ब्रिटन, जर्मनी, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स आणि नेदरलंड्स ह्या सहा राष्ट्रांनीं एक तह केला. हा तह किनाऱ्यालगतच्या राष्ट्रीय पाण्याबाहेरील उत्तर समुद्रासाठीं होता.

ह्या तहांत मोठमोठ्या शब्दांची आतषबाजी नाहीं. नौकेच्या नाळेवर दोन्ही बाजूंस तिच्या बंदराचें अक्षर व तिचा क्रमांक काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगानें लिहावा. पंधरा टन किंवा त्याहून मोठ्या नौकेवर हीं अक्षरें ४५ सेंटिमीटर उंच असावीं. आणि नौकेचें जें अक्षर व जो क्रमांक, तोच तिच्या लहान होड्यांवर, बोयांवर, मुख्य तरंगांवर, नांगरांवर व इतर सर्व साधनांवर स्पष्ट दिसेल असा घालावा, असें त्यांत आहे. त्याखेरीज धन्याला आपली खाजगी खूण घालावयाची असेल तर ती घालण्याची मोकळीक ठेवली होती. जाळीं कापण्यासाठींच असलेलीं हत्यारें बाळगण्यासही बंदी झाली. समुद्रांत बेवारशी सांपडलेली वस्तु, तिच्यावर खूण असो वा नसो, पहिल्या बंदरांतील अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावी, असेंही ठरलें.

ह्यांतील मर्म आपण लक्षांत घ्यावें. नौका आणि तिचें साधन ह्या दोहोंना एकच नांव देण्यांत आलें. त्यापूर्वीं नौका दिसली तरी तिचें साधन मुकें राही आणि साधन सांपडलें तरी त्याची नौका नामानिराळी राही. ह्या तहानें पाण्याखालच्या वस्तूला पाण्यावरचा धनी कायमचा जोडून दिला.

नांव लिहिल्यानें वस्तु कोणाची हें कळलें. परंतु ती कोणत्या बाजूस किती लांब पसरली आहे हें कळेना. धुक्यांतून येणाऱ्या तांडेलाला एकच बोया दिसला तर त्यानें उजवीकडे वळावें कीं डावीकडे? ह्या प्रश्नाचें उत्तर ता. १ जून १९६७ रोजीं लंडन येथें झालेल्या उत्तर अटलांटिकमधील मासेमारीच्या तहांत सांपडतें, आणि तें इतकें सोपें आहे कीं लहान मुलालाही समजावें. आडव्या पसरलेल्या नांगरलेल्या साधनाच्या पश्चिम टोंकाच्या बोयावर दिवसा एकावर एक असे दोन बावटे, किंवा एक बावटा व रडारला दिसणारा धातूचा परावर्तक लावावा. पूर्व टोंकाच्या बोयावर एकच बावटा किंवा एकच परावर्तक लावावा. रात्रीं पश्चिमेस दोन पांढरे दिवे, पूर्वेस एक. साधन मैलाहून लांब असेल तर मध्यें आणखी बोये ठेवावे, म्हणजे मैलभराचा कोणताही पट्टा खुणेवांचून राहणार नाहीं.

ह्याचा अर्थ असा. आपणांस दोन बावटे दिसले तर समजावें कीं हें पश्चिम टोंक, जाळें येथून पूर्वेकडे गेलें आहे. एक दिसला तर हें पूर्व टोंक, जाळें पश्चिमेकडे आहे. भाषा कोणतीही असो, एक आणि दोन हा भेद जगांत सर्वांस कळतो. पुढें युरोपीय संघानें २००५ सालीं केलेल्या नियमांत हीच पूर्वपश्चिमेची रीति राखली. अमेरिकेच्या संघीय समुद्रांतही, तिनांहून अधिक पिंजरे एका दोरास बांधले असतील तर पश्चिम टोंकास परावर्तक व बावटा आणि पूर्व टोंकास नुसता परावर्तक, असाच दंडक आहे. शिवाय जहाजांची टक्कर टाळण्याचे जे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरेतर नौकेचें साधन तिच्यापासून १५० मीटरांहून अधिक दूर पसरलें असेल तर त्या दिशेस रात्रीं पांढरा दिवा व दिवसा टोंक वर केलेला शंकु दाखवावा, असें सांगितलें आहे. तात्पर्य, जेथें धनी हजर आहे तेथें नौका दिशा सांगते. जेथें तो हजर नाहीं तेथें बोया सांगतो.

येथवरचा इतिहास राष्ट्रांच्या तहांचा झाला. आतां अमेरिकेच्या ईशान्य टोंकास असलेल्या मेन नांवाच्या राज्याकडे वळूं, कारण बोयाचें खरें सामर्थ्य व खरें संकट हीं दोन्ही तेथें एकत्र दिसतात. मेनचा किनारा म्हणजे खाड्या, बेटें आणि खडक. तेथील हजारों कुटुंबें शेवंडावर जगतात. एका परवान्यावर जास्तींत जास्त ८०० पिंजरे टाकतां येतात. उन्हाळ्यांत तेथें खाडीच्या तोंडाशीं उभें राहिलें तर पाण्यावर रंगीत फुलें पसरावीं तसे बोये दिसतात. प्रत्येक मासेमाराची रंगांची जोडणी ठरलेली असते. बोयावर त्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. आणि तेच रंग त्याला आपल्या होडीवर दाखवावे लागतात. पिवळ्यापांढऱ्या बोयाजवळ हिरव्यातांबड्या रंगाची होडी थांबली तर दुरूनही कळतें कीं कोणी परक्याच्या ताटांत हात घालीत आहे. दुसऱ्याचा पिंजरा उचलणें हा तेथें कायद्यानें गुन्हा आहे.

परंतु कायद्याच्याही आधीं तेथें एक रिवाज होता. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅचिसन ह्यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत तो वर्णिला आहे. प्रत्येक बंदराचे मासेमार आपापलें पाणी ओळखतात, आणि परका त्यांत शिरला तर प्रथम त्याच्या बोयाच्या दांड्याला दोराच्या दोन गांठी मारून ठेवतात. गांठ दिसली कीं समजावें, येथें तुमचें काम नाहीं. एवढ्यानें भागलें तर ठीक. नाहीं तर पुढें दोर कापला जातो आणि पिंजरा तळाशीं जातो. पाहा, ह्या भांडणांतही बोयाच बोलतो. ज्याच्यावर रंग नाहीं, क्रमांक नाहीं, त्याच्याशीं भांडावयाचेंही कसें आणि समेट करावयाचा तरी कोणाशीं?

दोर कापून तळाशीं गेलेल्या पिंजऱ्याचें पुढें काय होतें, हाही विचार करण्यासारखा आहे. धनी गेला तरी पिंजरा थांबत नाहीं. आंत शिरलेला जीव मरतो, त्याचें आमिष होऊन दुसरा शिरतो. म्हणून मेनमध्यें पिंजऱ्याला कालांतरानें कुजून उघडणारी एक खिडकी ठेवणें सक्तीचें आहे. बोया हरवला तरी पिंजऱ्यानें कायमचा मारेकरी होऊं नये, एवढीच ह्या नियमाची इच्छा. खूण नाहींशी झाली कीं साधन कसें बेजबाबदार बनतें, ह्याचें ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्या किनाऱ्यावरील मंडळींस ह्यांत परकें कांहीं वाटूं नये. बोंबील धरण्याची डोल ही सुद्धां एका जागीं बांधलेलीच असते; भरतीओहोटीच्या ओढीकडे तोंड करून, खुंटांना किंवा नांगरांना जखडून ती पाण्यांत उभी राहते, आणि तिचें तोंड उघडें ठेवण्यास वर पिंपें तरंगतात. तीं पिंपें रात्रीच्या अंधारांत दिसलीं नाहींत तर काय अनर्थ होतो, हें आम्हीं नाखव्यांना सांगण्याची गरज नाहीं. यांत्रिक नौका आणि पारंपरिक जाळीं ह्यांचा कलह आपल्या देशांत वाढला, त्यांतूनच किनाऱ्यावरील राज्यांचे मासेमारी नियमनाचे कायदे झाले; महाराष्ट्राचा कायदा १९८१ सालचा आहे. उत्तर समुद्रावर जें १८८२ सालीं घडलें, त्याच जातीची गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांनीं घडली.

आतां मेनच्या संकटाकडे येऊं. बोया आणि पिंजरा ह्यांच्यामध्यें एक उभा दोर असतो. हा दोर नसेल तर बोया निरर्थक आहे. परंतु त्याच पाण्यांतून उत्तर अटलांटिकमधील राइट व्हेल नांवाचे देवमासे ये जा करतात. ते तोंड उघडें ठेवून, पाण्यांतील बारीक जीव गाळून खात पुढें सरकतात. वाटेंत उभा दोर आला तर तो तोंडांत, पुढच्या परांभोंवतीं किंवा शेपटीला अडकतो. दोर पूर्वींप्रमाणें तागाचा नसून कृत्रिम धाग्याचा असल्यामुळें तो कुजत नाहीं. देवमासा तो महिनोगणती, वर्षानुवर्षें ओढीत राहतो, आणि दोर मांसांत रुतत जातो. ह्या जातीचे आज जगांत चारशेंहूनही कमी प्राणी उरले आहेत आणि त्यांत पिलें देऊं शकणाऱ्या माद्या सुमारें सत्तर आहेत. एकट्या २०१७ सालीं १७ देवमासे मेलेले आढळले, पैकीं १२ कॅनडाच्या पाण्यांत. जहाजांच्या धडका आणि मासेमारीचे दोर हीं त्यांच्या मृत्यूचीं दोन मुख्य कारणें होत.

येथें न्यायाचा प्रश्न उभा राहिला. मेलेल्या देवमाशाच्या अंगावर दोर सांपडे, पण तो कोणाचा हें बहुतेक वेळां सांगतां येत नसे. बोया तुटून गेलेला, क्रमांक गेलेला, उरला तो नुसता दोर. मेनचे मासेमार म्हणत कीं, आमच्या दोरानें एकही राइट व्हेल मेल्याचा पुरावा नाहीं, मग आम्हांवरच निर्बंध कां? निसर्गरक्षक म्हणत कीं, पुरावा नाहीं ह्याचा अर्थ तुम्ही निर्दोष असा होत नाहीं, कारण दोरावर खूणच नाहीं. दोघांचेंही म्हणणें आपापल्या परीनें खरें होतें, आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. जेथें खूण नसते तेथें निरपराध्याला सुटतां येत नाहीं आणि अपराध्याला धरतां येत नाहीं.

तेव्हां खूण बोयावरून दोरावर उतरली. ता. १ सप्टेंबर २०२० पासून मेन राज्यानें आपल्या मासेमारांच्या उभ्या दोरांस जांभळा रंग ठरवून दिला. बोयापासून पहिल्या दोन वांवांत तीन फूट लांबीची जांभळी खूण, आणि तेथून खालीं फूटफूट लांबीच्या आणखी खुणा, म्हणजे दोर कोठेंही तुटला तरी उरलेला तुकडा बोलेल. संघ सरकारच्या २०२१ सालच्या नियमांत शेजारच्या राज्यांचे रंगही निश्चित झाले: मॅसॅच्युसेट्सचा तांबडा, न्यू हॅम्पशरचा पिवळा, ऱ्होड आयलंडचा रुपेरी. संघीय पाण्यांत त्यांच्या जोडीला हिरवी खूण आली. त्याच नियमांनीं दोरांत असे कमजोर सांधे घालण्यास सांगितलें कीं १७०० पौंडांच्या, म्हणजे सुमारें ७७० किलोंच्या, ओढीस ते तुटावे व मोठ्या देवमाशाला सुटतां यावें.

ह्यानंतर जें घडलें तें ऐकावें. २०२१ सालीं जन्मलेली एक मादी ऑगस्ट २०२२ मध्यें दोरांत गुंतलेली प्रथम दिसली. ता. २८ जानेवारी २०२४ रोजीं तिचें प्रेत मॅसॅच्युसेट्समधील मार्थाज व्हिन्यर्ड ह्या बेटाच्या किनाऱ्यास लागलें. शेपटीच्या बुडाशीं दोर खोल रुतला होता. त्या दोरावर जांभळ्या खुणा होत्या. पुढच्याच महिन्यांत सरकारी शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें कीं, हा दोर मेन राज्यांतील पिंजऱ्यांच्या दोराशीं जुळतो. आणि दीर्घकाळ गुंतून पडल्यामुळेंच तिचा अंत झाला, असा निष्कर्ष त्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. ज्या खुणेनें आपलें निर्दोषत्व सिद्ध होईल अशी मेनच्या मासेमारांना आशा होती, तीच खूण ह्या प्रसंगीं त्यांच्या विरुद्ध साक्ष देऊन गेली.

कोणी म्हणेल, मग खूण घालून काय मिळविलें? आपलाच दोर आपल्या गळ्याला! हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. शेवंडावर पोट भरणाऱ्या माणसाला एका तुकड्यावरून आपलें पाणी बंद होईल अशी भीति वाटणें स्वाभाविक आहे. मॅसॅच्युसेट्सच्या समुद्रांत फेब्रुवारीपासून वसंतापर्यंत पिंजरे टाकण्यास बंदी असते. बंदीचे दिवस म्हणजे काय, हें जून व जुलै महिन्यांत होड्या किनाऱ्यावर ओढून बसणाऱ्या आपल्या लोकांना चांगलें ठाऊक आहे. मेनच्या मासेमारांची बाजूही ऐकली गेलीच. डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें, तत्कालीन नियमच २०२८ अखेरपर्यंत पुरेसे मानावे, असें ठरविलें; आणि जून २०२३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें, नुसत्या अतिवाईट कल्पनेवर विसंबून मासेमारांवर बोजा टाकतां येणार नाहीं, असा निर्णय दिला.

परंतु त्या न्यायालयाच्या निर्णयांतच आमच्या मतें आक्षेपाचें उत्तर आहे. कल्पनेवर विसंबूं नये, तर कशावर विसंबावें? पुराव्यावर. आणि पुरावा कोठून येणार? खुणेतून. जो मासेमार, आम्हांस संशयानें दंड करूं नका, असें म्हणतो, त्यानेंच सर्वांच्या आधीं आपली खूण ठळक घातली पाहिजे. जांभळी खूण एकदां विरुद्ध बोलली हें खरें. पण उद्यां दुसऱ्या एकाद्या देवमाशावर तांबडी किंवा पिवळी खूण सांपडली तर तीच जांभळ्या रंगवाल्यांना सोडवील. आपल्या फायद्याचें बोलेल तेवढीच साक्ष खरी आणि तोट्याचें बोलेल ती खोटी, असें म्हणतां येत नाहीं.

मात्र येथें एक मर्यादाही सांगितली पाहिजे. खूण मृत्यु टाळीत नाहीं. ती फक्त मृत्यूचें कारण सांगते. रंग दिल्यानें दोर कमी घट्ट होत नाहीं. म्हणून कमजोर सांधे, ठराविक काळाची बंदी, आणि उभ्या दोरांची संख्या कमी करणें हे उपाय वेगळे करावे लागतातच. त्यांपैकीं सर्वांत धाडसी उपाय म्हणजे उभा दोरच काढून टाकणें. अशा साधनांत बोया व दोर तळाशीं पिंजऱ्यापाशीं गुंडाळून ठेवतात. धनी होडींतून ध्वनीचा संकेत पाठवितो, तेव्हां कुलूप सुटून बोया वर येतो. अमेरिकेंत त्याचे प्रयोग चालू आहेत, आणि त्या प्रयोगांसाठीं पाण्यावर बोया ठेवण्याच्या नियमांतून खास सूट द्यावी लागते.

आतां पाहा, गोष्ट कोठें आली! जाळें ओळखूं यावें म्हणून बोया आला. बोयामुळें दोर आला. दोरामुळें देवमासा मेला. आणि देवमासा वांचविण्यासाठीं बोया पुन्हां पाण्याखालीं गेला. मग परक्या तांडेलाला तेथें साधन आहे हें कसें कळावें? त्याचें उत्तर असें देतात कीं, खूण आतां विद्युत्‌ यंत्राच्या नकाशावर दिसेल. उत्तर चांगलें आहे, पण त्यांत एक धोका आहे. बावटा डोळ्यांना फुकट दिसतो. नकाशा दिसण्यास यंत्र लागतें, आणि यंत्रास पैसा. ज्याच्या होडींत यंत्र नाहीं त्याच्यासाठीं समुद्र पुन्हां १८८२ पूर्वींसारखा अंधारा होईल, आणि अंधारांत जें फाटतें तें बहुधा गरिबाचेंच जाळें असतें. म्हणून जी खूण बावट्याची जागा घेईल ती बावट्याइतकीच सर्वांना वाचतां आली पाहिजे, एवढी अट त्या नव्या नियमांना घातलीच पाहिजे.

ह्या दृष्टीनें संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें घेतलेली भूमिका आम्हांस योग्य वाटते. साधनाचा धनी ओळखतां यावा म्हणून प्रत्येक देशाच्या कायद्याप्रमाणें त्यावर खूण असावी, हें तत्त्व तिनें १९९५ च्या जबाबदार मासेमारीच्या आचारसंहितेंत घातलें होतें. जुलै २०१८ मध्यें रोम येथें तिच्या मत्स्यव्यवसाय समितीनें साधनांवरील खुणांसंबंधीं स्वेच्छेनें पाळावयाच्या मार्गदर्शक सूचना मान्य केल्या. हरवलेलें साधन कळवावें व शक्य तेथें परत काढावें, आणि खुणेची पद्धति ठरवितांना धोका किती आहे व लहान मासेमाराला ती परवडते कीं नाहीं हें पाहावें, असा त्या सूचनांचा रोख आहे. सूचना स्वेच्छेच्या आहेत. त्यांना दंडाचा धाक नाहीं. म्हणून त्या पाळल्या जाणें न जाणें हें शेवटीं किनाऱ्याकिनाऱ्यावरील माणसांवर अवलंबून आहे.

आणि येथेंच आपला संबंध येतो. चांगल्या खुणेचे गुण थोडक्यांत सांगावयाचे तर चार आहेत. ती परक्याला वाचतां यावी. तिनें धन्याचें नांव सांगावें. तिनें साधनाची दिशा व लांबी सांगावी. आणि साधन तुटून गेलें तरी उरलेल्या तुकड्यानें बोलावें. ह्यांपैकीं एकासही मोठा खर्च लागत नाहीं. पांढऱ्या रंगाचा एक डबा, दोन हात कापड, एक दिवा आणि थोडा वेळ एवढ्यानें पुष्कळ काम होतें. सरकारचा नियम येईल तेव्हां येवो. गांवच्या बैठकींत दहा नाखव्यांनीं मिळून आपले रंग वांटून घेण्यास कोणाची आडकाठी आहे?

आम्हांस ठाऊक आहे कीं, नियम ह्या शब्दाचा मासेमाराला कंटाळा येतो. वारा, भरती, ओहोटी, डिझेलचा भाव आणि बाजारांतील दलाल हे काय थोडे धनी झाले कीं त्यांत आणखी एक भर? परंतु बोयाचा नियम हा इतर नियमांसारखा वरून लादलेला नाहीं. उत्तर समुद्रावर तो फाटलेल्या जाळ्यांतून निघाला, मेनच्या खाड्यांत तो शेजाऱ्यांच्या कुरबुरींतून निघाला, आणि आतां तो एका देवमाशाच्या शेपटींत रुतलेल्या दोरांतून पुढें चालला आहे. आपण पाण्यांत जें सोडून येतों त्याला आपलें नांव लावण्याची ज्याची तयारी आहे, तोच त्या पाण्यावर हक्क सांगूं शकतो. भरल्या जाळ्यावर नांव घालणें सोपें आहे. तुटक्या दोरावरचें नांव आपलें म्हणणें कठिण आहे. पहिलें आपल्या वडिलांनीं केलें. दुसरें आपल्या पिढीनें करावयाचें आहे.